‘सौभद्र’ बसवायचंय? आधी वही काढा



आजचा धडा नेहमीपेक्षा जरा वेगळा आहे. किराणा नाही, बेकरी नाही, ब्युटी पार्लर नाही. आज आपण एक संगीत नाटक कॉस्टिंगला घेणार आहोत. व्हिडिओत बारा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं सांगितलं, पण आकडे तोंडी ऐकून डोक्यात राहत नाहीत. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. वही-पेन घेऊन बसा आणि माझ्याबरोबर बेरजा करा.

सांगली म्हणजे विष्णुदास भाव्यांचं गाव. १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ इथेच झालं, त्यामुळे आमच्याकडे नाटकाचं वेड नवीन नाही. माझं साड्यांचं दुकान आहे, आणि दर वर्षी कुठला ना कुठला ग्रुप स्मरणिकेची पावतीपुस्तकं घेऊन दुकानाची पायरी चढतोच. या वेळी आलेला ग्रुप कॉलेजच्या पोरापोरींचा. वयं एकोणीस ते चोवीस, एकूण चोवीस जण. प्रत्येकाने पाच हजार काढलेत, म्हणजे हातात १ लाख २० हजार. बसवायचंय अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’. त्यांना माझ्याकडून पानभर जाहिरात हवी होती. मी विचारलं, “बजेट कुठाय?” तर दिग्दर्शन करणाऱ्या मुलीने मोबाईलमध्ये खर्चाची यादी दाखवली. यादी चांगली होती, पण तो हिशेब नव्हता. यादी आणि हिशेब यांत जो फरक आहे, तोच आजचा विषय.

पैशांकडे जाण्याआधी नाटकाच्या निवडीबद्दल थोडं. ‘सौभद्र’ रंगमंचावर आलं १८८२ मध्ये. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायचीय, सुभद्रेचं मन अर्जुनावर, कृष्ण मधे बसून सगळ्यांना खेळवतोय आणि अर्जुन संन्यासी होऊन दारात उभा. आजही हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरातलं लग्न, घरातलं राजकारण! तरुण पोरांनी हे घेतलं याचं मला कौतुक वाटलं. पण व्यवहाराच्या बाजूनेही निवड शहाणपणाची आहे. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, म्हणजे संहितेसाठी कुणालाही रॉयल्टी द्यायची नाही. देवलांचं ‘शारदा’, खाडिलकरांचं ‘मानापमान’ यांच्या संहितांचंही तसंच. पण उद्या तुम्ही १९६७ सालचं ‘कट्यार काळजात घुसली’ घ्यायचं म्हटलंत, तर दारव्हेकरांच्या संहितेची आणि अभिषेकीबुवांच्या संगीताची परवानगी संबंधितांकडून लेखी घ्यावी लागेल, आणि तो आकडा बजेटच्या पहिल्या ओळीत येईल. आणखी एक. जुनं नाटक मोकळं असलं तरी अलीकडे कुणी केलेली संक्षिप्त रंगावृत्ती मोकळी नसते. ती वापरायची तर विचारा, नाहीतर मूळ संहिता घेऊन कात्री स्वतः चालवा. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही वेळेत काढून ठेवा. तिकीट छापल्यावर धावाधाव नको.

दोन खिसे वेगळे करा

आता वही. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे एकदाच होणारा खर्च, उजवीकडे दर प्रयोगाला होणारा खर्च. दुकानदाराला हे नवीन नाही. फर्निचर एकदा, माल रोज. पण नाटकवाले (आणि खरं सांगायचं तर निम्मे नवे व्यावसायिकही) दोन्ही एकाच बेरजेत टाकतात आणि मग गोंधळ होतो.

पुढचे आकडे मी हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, ते टाका. रीत तीच राहते.

पोरांच्या मूळ यादीप्रमाणे डावीकडे काय होतं? नेपथ्य ४५ हजार, कारण त्यांना द्वारकेचा महाल आणि जंगल दोन्ही नव्याने उभं करायचं होतं. कपडेपट आणि दागिने शिवून-घडवून ३८ हजार. दोन महिन्यांच्या तालमीची जागा, चहा, नाश्ता २४ हजार. पदं बसवून घेणाऱ्या गुरुजींचं मानधन २५ हजार. रंगीत तालीम, कागदपत्रं, सुरुवातीची छपाई १८ हजार. बेरीज १ लाख ५० हजार.

उजवीकडे, म्हणजे एका प्रयोगाला: नाट्यगृहाचं भाडं आणि वीज १६ हजार. पायपेटी, तबला, व्हायोलिन, तीन साथीदारांचे १५ हजार. ध्वनी आणि प्रकाश १२ हजार, त्यात प्रत्येक गाणाऱ्याला वेगळा माइक. रंगभूषा आणि टोप ७ हजार. टेम्पो, जेवण, बॅकस्टेज ८ हजार. पोस्टर आणि तिकीटविक्री ५ हजार. बेरीज ६३ हजार.

आता आवक. समजा नाट्यगृह ६०० खुर्च्यांचं आहे. तिकिटं ३००, २०० आणि १००, सरासरी २०० धरू. (५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, ही एक डोकेदुखी कमी.) पोरं म्हणाली, “ताई, हाऊसफुल्लच होणार.” मी म्हटलं, बेटा, तुझ्या तोंडात साखर पडो, पण वहीत ६० टक्केच लिही. म्हणजे ३६० खुर्च्या, ७२ हजार रुपये. त्यातून प्रयोगाचे ६३ हजार गेले. उरले ९ हजार.

या ९ हजारांवर थांबा. हाच आकडा डावीकडचे दीड लाख फेडणार आहे. १ लाख ५० हजार भागिले ९ हजार म्हणजे १६.६६. म्हणजे सतरावा प्रयोग झाला की खर्च भरून निघाला! आणि ग्रुपकडे होते जास्तीत जास्त चार प्रयोग, कारण सुभद्रा करणारी मुलगी जूनमध्ये नोकरीला पुण्याला चालली आहे.

खोलीत एकदम शांतता. मग एक मुलगा हळूच म्हणाला की त्याची आई बांगड्या गहाण ठेवायला तयार आहे, तेवढ्यात कपडेपट तरी होईल.

इथे मला थोडं कडक व्हावं लागलं. गहाण ठेवून पैसा आणायचा तो ज्या कामातून परत येणार त्यासाठी. भरजरी शालूसाठी आणि मुकुटासाठी नाही. हौसेच्या खर्चाला घरातलं सोनं लागायचं नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बालगंधर्वांइतकं मोठं उदाहरण आपल्यासमोर आहे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये उभी राहिली, प्रेक्षक जिवाला जीव देणारे, आवाज तर देवाघरचा, आणि तरीही १९२०च्या ‘द्रौपदी’सारख्या नाटकांच्या थाटामाटाने कंपनी कर्जात गेली. ते कर्ज फेडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांनी ते फेडलं हा त्यांचा मोठेपणा. पण माझ्या तेवीस वर्षांच्या दिग्दर्शकाला मी हे का करू देऊ?

भाड्याने की शिवून?

मग आम्ही डावीकडची बाजू तासायला घेतली. कपडेपट शिवला तर ३८ हजार. भाड्याने आणला तर प्रयोगाला ८ हजार. ३८ भागिले ८ म्हणजे पावणेपाच. पाच किंवा जास्त प्रयोग होणार असतील तर शिवणं परवडतं, चार किंवा कमी असतील तर भाडं. मी स्वतः कापड विकते, शिवायला सांगितलं असतं तर माझाच गल्ला भरला असता, तरी सांगितलं, भाड्याने आणा. नेपथ्यात महाल आणि जंगल बांधण्याऐवजी दोन रंगवलेले पडदे, काळ्या विंगा आणि दोन लेव्हल्स. ४५ हजारांचे २० हजार झाले. खरं तर पडद्यांचं नेपथ्य ‘सौभद्र’ला शोभूनच दिसतं. डावीकडे आता उरले ८७ हजार.

पण उजवीकडे काय झालं ते बघितलंत का? कपड्याचं भाडं तिकडे सरकलं. प्रयोगाचा खर्च ६३चा ७१ हजार झाला, आणि तिकिटाचे ७२ हजार तसेच. एका प्रयोगातून उरतो फक्त एक हजार! म्हणजे खर्च कमी केला तरी तिकिटावर हे नाटक उभं राहत नाही. बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की खर्च कापला की धंदा वाचतो. नाही वाचत. गिऱ्हाईक बदलावं लागतं.

नाटकाच्या धंद्यात याला सुपारी म्हणतात. कुणी संस्था ठरावीक रकमेला अख्खा प्रयोग विकत घेते. पतसंस्थेचा वर्धापनदिन, ज्येष्ठ नागरिक संघ, एखाद्या उद्योगसमूहाचं कर्मचारी संमेलन, गणेशोत्सव मंडळ. नाट्यगृह त्यांचं, ध्वनी-प्रकाश त्यांचा, जाहिरात त्यांची. आपला खर्च साथीदार १५, रंगभूषा ७, टेम्पो-जेवण ८ आणि कपड्याचं भाडं ८, म्हणजे ३८ हजार. सुपारी ७५ हजारांना ठरली तर उरले ३७ हजार. एका सुपारीत जे उरतं त्यासाठी तिकिटावर सदतीस प्रयोग करावे लागतील. हे वाक्य परत वाचा. तुमच्या धंद्यात ‘सुपारी’ कुठली आहे, घाऊक ऑर्डर देणारा एक गिऱ्हाईक कोण आहे, तेही शोधा. माझ्या दुकानात ती लग्नाच्या बस्त्याची ऑर्डर.

चार प्रयोगांचा मेळ असा बसला: दोन तिकिटाचे, त्यातून २ हजार. दोन सुपारीचे, त्यातून ७४ हजार. एकूण ७६ हजार, खर्च ८७ हजार. कमी पडतात ११ हजार. ते स्मरणिकेतून यायला हवेत, आणि ती अशक्य गोष्ट नाही.

स्मरणिकेबद्दल एक दुकानदार म्हणून बोलते, कारण पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. “ताई, काहीतरी द्या” म्हटलं की आम्ही पाचशे देतो आणि विसरतो. काही वर्षांपूर्वी एका ग्रुपला मी पूर्ण पानाचे पैसे दिले होते, स्मरणिका छापलीच नाही. तेव्हापासून मी पान घेत नाही, तिकिटं घेते. का सांगू? संगीत नाटकाला येणारा प्रेक्षक बहुतेक पन्नाशीपुढचा. त्यातल्या बायका नऊवारी, पैठणी, इरकल घेणाऱ्या. म्हणजे माझंच गिऱ्हाईक त्या सभागृहात बसलेलं असतं. मी २०० रुपयांची वीस तिकिटं घेतली, ४ हजार दिले, आणि मोठी खरेदी करणाऱ्या माझ्या गिऱ्हाईकांना ती भेट दिली, तर माझं नाव त्यांच्या घरी पोचतं आणि पोरांच्या वीस खुर्च्या भरतात. पोरांनी चष्म्याचं दुकान, सराफ, आयुर्वेदिक औषधांचं दुकान, मंगल कार्यालय, टूरवाले असे दहा दुकानदार याच पद्धतीने गाठले तर २०० खुर्च्या प्लॅन उघडायच्या आधीच विकल्या गेल्या. ६० टक्के हा अंदाज मग अंदाज राहत नाही. दुकानात जाताना यादी तुमच्या ओळखीच्या दुकानांची करू नका, तुमच्या प्रेक्षकाच्या दुकानांची करा.

पैसा कधी येतो, कधी जातो

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि व्हिडिओत मी नेमका हाच घाईत उरकला. हिशेब कागदावर जुळला तरी पैसा वेळेवर हातात नसेल तर प्रयोग पडतो.

ग्रुपचा बेत होता पहिला प्रयोग तिकिटाचा, आपल्याच नाट्यगृहात, आईवडिलांसमोर. भावना समजते. पण बघा. पडदा उघडण्याआधी ८७ हजार आणि ७१ हजार, म्हणजे १ लाख ५८ हजार बाहेर गेलेले असणार. हातात १ लाख २० हजार. ३८ हजारांचं भोक, आणि तिकिटं तर शेवटच्या चार दिवसांत विकली जातात. बांगड्या गहाण पडतात त्या इथे, नाटक वाईट असतं म्हणून नव्हे.

आता क्रम उलटा करा. पहिला प्रयोग सुपारीचा. लागणारे पैसे ८७ अधिक ३८, म्हणजे १ लाख २५ हजार. त्यात सुपारीची आगाऊ रक्कम २५ हजार आली, तर खिशातून गेले १ लाख. २० हजार शिल्लक, त्या रात्री उरलेले ५० हजार हातात, आणि ७० हजार घेऊन तुम्ही दुसऱ्या, तिकिटाच्या प्रयोगाकडे ताठ मानेने जाता. प्रयोग तेच, खर्च तोच, फक्त क्रम बदलला.

दिग्दर्शक मुलगी नाराज झाली. म्हणाली, “ताई, पहिला प्रयोग परक्यांसमोर? कुणी जेवत असेल, कुणी फोनवर असेल.” तिचं म्हणणं चूक नाही. तोडगा असा काढला की रंगीत तालमीला घरच्यांना बोलवायचं. आईवडील पहिले प्रेक्षक, आणि पोरांना टाळ्यांची सवयही होते.

सुपारी घेताना कागद मात्र करा. रक्कम, आगाऊ किती, उरलेली कधी (नांदीच्या आधी, नंतर नाही), साथीदारांची बसायची जागा, माइक किती, जेवण कुणाचं. आणि वेळ. नाट्यगृह सत्राच्या हिशेबाने मिळतं, आणि संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ येतो. जुन्या काळी नाटक रात्रभर चालायचं, वन्स मोअर कितीही चालायचे. आज सत्र संपलं की पुढच्या मिनिटापासून जादा भाडं सुरू. म्हणून संहिता अडीच तासांवर आणा आणि वन्स मोअरसाठी पंधरा मिनिटं बाजूला ठेवा.

एक धोका मात्र पैशाने सुटत नाही, तो म्हणजे सुभद्रा. अख्खं नाटक एका गळ्यावर उभं आहे. तिला सर्दी झाली की संपलं. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा गाजली. १९०१ मध्ये भाऊराव गेले आणि तेवढ्या ताकदीचा गळा कंपनीला मिळाला १९०५ मध्ये, बालगंधर्वांच्या रूपाने. १९१३ मध्ये तेही स्वतःची मंडळी काढून बाहेर पडले. तुमच्या दुकानात एकच कारागीर, एकच हलवाई, एकच टेलरमास्तर असेल तर हे वाचताना पोटात गोळा यायला हवा. ग्रुपला मी सांगितलं, आजपासून दुसरी सुभद्रा तयार करा. रुक्मिणी करणाऱ्या मुलीचा गळा चांगला आहे. दोघींची पट्टी वेगळी आहे, म्हणून पेटीवाल्यांना दोन्ही पट्ट्यांत तालीम द्या. जून उजाडल्यावर दुसरी सुभद्रा तयार असेल तर चारावर थांबायचं कारणही उरत नाही, आणि प्रयोग पाचाच्या पुढे गेले की कपडे शिवायचा विचार पुन्हा काढता येईल.

“वयाने लहान आहोत, आम्हाला सुपारी कोण देणार?” असं एकाने विचारलं. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये हुबळीला ‘ललितकलादर्श’ काढली तेव्हा त्यांचं वय सतरा होतं. आणि पुढे ८ जुलै १९२१ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन स्पर्धक कंपन्यांनी एका रात्रीसाठी एकत्र येऊन प्रयोग केला. गावात दुसरा ग्रुप असेल तर त्याच्याशी भांडत बसू नका, पडदे आणि पायपेटी वाटून घ्या. दोघांचाही डावा खिसा हलका होतो.

शेवटची गोष्ट, थांबायची तारीख. तालमीच्या तिसाव्या दिवसापर्यंत दोन्ही सुपाऱ्यांची आगाऊ रक्कम खात्यात आली नाही, तर पूर्ण नाटक पुढे ढकलायचं आणि बसवलेल्या पदांचा छोटा कार्यक्रम करायचा. तोपर्यंतचा खर्च ३५ हजारांच्या आत ठेवायचा, म्हणजे बुडाले तरी माणशी दीड हजाराच्या आत. उलट ही तारीख न ठरवता पुढे गेलो, सुपारी एकही नाही आणि तिकिटाच्या दोन्ही प्रयोगांना ४० टक्केच प्रेक्षक आला, तर? ४८ हजार आवक, ७१ हजार खर्च, प्रयोगाला २३ हजार तोटा, दोनचे ४६, अधिक ८७. म्हणजे १ लाख ३३ हजार. चोवीस जणांचे सगळे पैसे जाऊन वर १३ हजारांचं देणं. हे पोरांकडून मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आणि चोवीस जणांच्या सह्या घेतल्या.

आज त्यांच्या तालमीचा अठरावा दिवस. एका पतसंस्थेची सुपारी ठरली, २५ हजार आले. दुसरीसाठी दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत, एक जण ६० हजारांच्या वर यायला तयार नाही. ६०ला घ्यायची की नाही, त्यात किती उरतात आणि एकूण मेळ कुठे जातो, हे वर दिलेल्या आकड्यांवरून तुम्ही काढून ठेवा. बुधवारच्या व्हिडिओत मी माझं गणित दाखवते.